खरखर कोणाच्या घरची?

"काहो काकाजी, कानाले रेडिओ लावून माह्या कुंपणापाशी काय ऐकून रायले?"

"तुह्या घरची खरखर."

आता सकाळी सकाळी असं कोणी बोललं तर कोणत्याही बाईला राग येईल. पण काकाजींच्या हातात खरंच जुना ट्रान्झिस्टर होता, मिडियम वेव्हवर, आणि तोही कोणत्याच स्टेशनावर नाही.

"स्टेशन लावलं का गाण्यात खरखर लपते," ते म्हणाले. "रिकाम्या जागी लाव, मंग समजते कोणाच्या घरी काय पेटलं हाये. तुह्या ओसरीतला लाइट बंद कर पाहू."

मी केला. ट्रान्झिस्टर निम्मा गप्प झाला. बल्ब बाजारातून स्वस्तात आणलेला, एलईडी. त्याच्या बुडातलं सर्किट म्हणे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. चांगल्या बल्बात तो गोंगाट आत अडवणारी फिल्टर असते, स्वस्तात ती गाळलेली. मोबाइलच्या चार्जरचंही तेच.

"अन् ते कोपऱ्यावरचे, नवीन इन्व्हर्टर घेतलेले?"

"ते तं सगळ्यात मोठे."

खरं सांगायचं तर मला इथूनच रस यायला लागला. मी कपड्यांची बादली खाली ठेवली.

खरखर कोणाच्या घरची हे कसं कळतं, तर ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते. मिडियम वेव्हचा अँटेना तीच. बाहेरचा चमकता दांडा कितीही ओढा, तो एफएमसाठी. नागपूर स्टेशनाच्या ५८५ किलोहर्ट्झला त्याचा काही उपयोग नाही. कांडी नागपूरला आडवी पडली की आवाज भरतो, तिचं टोक नागपूरकडे झालं की आवाज पडतो. म्हणून दांडा ओढत न बसता डबाच फिरवायचा. आणि चोर शोधायचा तर उलटं करायचं: खरखर जिथे सगळ्यात कमी होते, तिथे कांडीच्या एका नाहीतर दुसऱ्या टोकाला चोराचं घर.

"पण काकाजी, किराणा दुकानात वेगळंच बोलून रायले. म्हणतात का तुम्ही त्या हातातल्या वायरलेस सेटवर पोलिसाचं अन् जंगलवाल्याचं ऐकता."

काकाजी तापले. "माह्यापाशी हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन हाये, परीक्षा देऊन घेतलेलं. मले १४४ ते १४६ अन् ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर बोलता येते, बाकीच्यात नाक खुपसायचं कामच नाही. बिनलायसनी वायरलेस घरात ठेवता येत नाही हे १९३३ पासूनचं हाये, २०२३ च्या नव्या कायद्यातही तेच हाये. तुह्या सासऱ्यानं तं साध्या रेडिओचं लायसन पोस्टात भरलं होतं, विचार त्याले."

ते मला माहीत होतं. सासरे अजून सांगतात, १९८० च्या दशकात ते लायसन बंद झालं तेव्हा पोस्टातल्या रांगेतून सुटका झाली म्हणून.

"मंग रेंज वाढवायले तार आणली म्हणतात, ते काय?"

"इथंच लोक फसते. रेंज दोन हायेत. एक सेटाची, म्हणजे तो कुठून कुठवर ऐकते. माहा १३६ ते १७४ अन् ४०० ते ४८०. हे चिपमध्ये ठरलेलं. ताडाएवढी तार लावली तरी तो १७५ वर जाणार नाही. बिरसी विमानतळाचे शिकाऊ पायलट आपल्या डोक्यावरून जातात न, ते ११८ ते १३७ वर एएममध्ये बोलते, माहा सेट एफएमवाला, म्हणून तिथंही बहिरा. ज्याले पट्टाच रुंद पायजे त्यानं दुसरं यंत्र घ्यावं. टीव्ही पाहायची यूएसबी कांडी येत होती न, तिच्यानं २४ पासून १७०० मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत ऐकता येते, हे लोकाइले २०१२ च्या सुमारास समजलं. पण ऐकायची परवानगी त्या कांडीसंगं भेटत नाही."

"अन् दुसरी रेंज?"

"दुरून ऐकायची. ती तारेनं वाढते."

सेटासोबत आलेली रबराची बोटभर दांडी खिशात मावावी म्हणून बनवलेली. खरी लांबी हिशेबानं निघते: ७५ ला मेगाहर्ट्झनं भागायचं. १४५ साठी ५२ सेंटिमीटर येतात, प्रत्यक्षात थोडी कमी, ४९ ठेवायची. आणि तेवढीच दुसरी तार अँटेनाच्या बुडाशी, सेटाच्या धातूच्या कड्याला बांधून लोंबती सोडायची, कारण अँटेनाला दुसरी बाजूही लागते. हॅमवाले तिला वाघाची शेपटी म्हणतात. मी हसले. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाच्या पोटात राहून शेपटी विकत कशाला, म्हटलं.

उंचीचं गणित मात्र मला पटलं. हे सिग्नल जवळपास सरळ रेषेत जातात. सेट हातात असला तर समोर पाचेक किलोमीटर मोकळे, नऊ मीटरच्या पाइपावर अँटेना चढवला तर बारा. पण पाइपावरून खाली पातळ आरजी-५८ केबल आणली की दहा मीटरमध्ये तिसरा हिस्सा सिग्नल जिरतो, म्हणून केबल जाड आणि आखूड. शिवाय फार मोठा अँटेना लावला तर जवळच्या दमदार सिग्नलनं स्वस्त सेटाचे कान बसतात, मग होतं तेही ऐकू येत नाही.

"गोंदियाचा दोस्त मले हातातल्या सेटवर भेटत नाही," काकाजी म्हणाले, "पण अंतराळ स्थानक भेटते. चारशे किलोमीटर वर, १४५.८०० मेगाहर्ट्झवर. मधात ना झाड ना टेकडी. सात-आठ मिनिटं डोक्यावरून जाते, मंग चुप."

"पण मंग जंगलवाले इतक्या झाडीत वाघ कसे शोधते जी?"

"तेही असंच, पट्ट्यानं. २०२३ मध्ये नागझिऱ्यात वाघिणी सोडल्या न, त्याइच्या गळ्यात पट्टा. तो टिक-टिक सिग्नल सोडते, अन् वनरक्षक हातात काट्याकाट्याचा यागी अँटेना धरून फिरते. जिकडं टिक मोठी, तिकडं वाघीण. पण पट्टा बंद झाला का माणूस हतबल. जय वाघ नागझिऱ्याचाच न, उमरेड-कऱ्हांडल्यात गेला, २०१६ च्या एप्रिलपासून त्याचा सिग्नलच नाही. म्हणून सांगतो, जंगलवाल्याइचं कोणी चोरून ऐकत असन तं त्याले आधी पकडून द्यावं. वाघ कुठं हाये हे ऐकायची गरज शिकाऱ्याशिवाय कोणाले?"

दुकानात आता हे सांगायचं, मी मनात नोंद केली.

एवढ्यात ट्रान्झिस्टर पुन्हा बोलला. टिक. टिक. टिक. साधारण सेकंदाला एक.

"अगं बाई, वाघीण!"

"वाघीण कायची, मिडियम वेव्हवर? झटका मशीन हाये. धानाच्या बांधीले डुकरापासून वाचवायले तारेत सेकंदाले एक झटका सोडतात. तार चांगली असली तं आवाज येत नाही. तारेले गवत लागलं, नाहीतर प्लास्टिकची गुंडी फुटली, का ठिणगी उडते, अन् ती सगळी तार अँटेना होऊन गावभर टिक-टिक करते. आठ दिवसांपासून रोज हाये. झटकाही तिथंच जिरते, म्हणजे डुकरं मजेत."

"कोणाची मशीन?"

काकाजींनी डबा फिरवला, पुन्हा फिरवला. कांडीचं एक टोक नहराच्या पलीकडे रोखलेलं राहिलं. तिकडे माझ्या भासऱ्यांच्या बांध्या. धुऱ्यावरून मागच्या धानापासून आमचं त्यांच्याशी बोलणं बंद.

"तूच सांग त्याले, गवत काप म्हणा."

"मी? अजिबात नाही जी. तुम्ही सांगा. अन् डुकरं कुठून घुसते ते आधी सांगा, रेडिओचं मंग. तुमच्या रेडिओसाठी ते विळा उचलणार नाही."

"अन् तू पाठवलं म्हणू?"

"माहं नाव काढलं तं ओसरीतला बल्ब रातभर चालू ठेवीन."