दोन रात्री, अन् त्याही माहुरातच!

ऐकलंत का? नाही, आधी बसा. असली बातमी उभ्यानं ऐकायची नसते.

आपले ते निवृत्त मास्तर, पुण्यातल्या लेकानं हप्त्यावर नवी कोरी गाडी घेऊन दिलेले, ते आणि काकू माहूरला गेले. आता यात काही नाही. अर्धापुरात कोणाच्याही दारी गाडी आली की तिचं तोंड आधी माहूरकडंच वळतं. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटल्याशिवाय आणि आरशाला लिंबू-मिरची लटकल्याशिवाय तिला इथं कोणी गाडी म्हणत नाही. पण रीत अशी, की माणूस पहाटे निघतो, रेणुकेचं दर्शन घेतो, दत्तशिखर करतो, अनसूया करतो अन् दिवेलागणीला घरात असतो. हे दोघं दोन रात्री राहिले. अन् दोन्ही रात्री माहुरातच! ना पोहरादेवी, ना कळंबचा चिंतामणी.

“मग दोन दिवस करूलालात काय तिथं?” तामसा रोडच्या चहाच्या टपरीवर मास्तरांना चारचौघांत विचारलं गेलं.

मास्तर म्हणाले, “बसलो होतो.”

टपरीवर कपबशीचा आवाज थांबला म्हणतात. ज्या माणसानं पस्तीस वर्षं पोरांना ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर निबंध लिहायला लावला, तो डिझेल जाळून बसायला गेला!

आता सभ्य माणसं सहल कशी करतात, तेही सांगते, म्हणजे या प्रकाराचं गांभीर्य लक्षात येईल. मोंढ्यातल्या आमच्या भावजींचं घ्या. साडेतीन पीठं, घरून घरी, तीन दिवसांत. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर आणि वणी. किलोमीटर दीड हजारावर. त्यांच्याकडं एक कागद असतो, छापून वरून प्लास्टिक मारलेला, ड्रायव्हरच्या शेजारी रबरानं अडकवलेला. त्यात रकाने आहेत: ठिकाण, पोच, दर्शन, नाष्टा, निघणे. तुळजापूरपुढं लिहिलंय ‘दर्शन (पास काढणे), कल्लोळ व गोमुख बाहेरून’. पन्हाळ्यापुढं लिहिलंय ‘४० मिनिटे, फोटोसह’. त्याच पन्हाळ्यावर १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराजांना चार महिन्यांवर काढावे लागले होते. भावजी तटाकडं पाठ करून एक फोटो काढतात आणि त्यांचा वेढा उठतो. वणीपुढं तर अर्धाच तास. का, तर म्हणे पीठच अर्धं. सप्तशृंगीच्या पाचेकशे पायऱ्यांना एवढ्यात भागत नाही हे खरं, पण २०१८ पासून तिथं फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झालीय आणि त्या दिवशी भावजींनी पेढे वाटले होते.

कुठल्या गावाला काय खाल्लं हे भावजींना सांगता येत नाही. कुठल्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून किती कापले हे मात्र पैशासकट सांगतात. डिक्कीत कच्च्या केळीच्या चार फण्या टाकलेल्या असतात. अर्धापूरचा माणूस वाटेत केळी विकत घेईल हे या जन्मी शक्य नाही. त्या फण्या कोल्हापूरपर्यंत पिवळ्या होतात, नाशिकच्या पुढं काळ्या, आणि घरी आल्यावर म्हशीला. मागच्या सीटवर आत्याबाई. प्रत्येक गावी त्यांना हलवून उठवायचं, “आत्या, देवी आली,” म्हणायचं, हात धरून रांगेतून काढायचं, पुन्हा आणून बसवायचं. मागच्या वेळी जालना ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, “वणी कवा येणार रे?” भावजी म्हणाले, “आत्या, ते कालच झालं की!” आत्याबाईंनी गाडीतूनच मागं तोंड करून हात जोडले. याला म्हणतात नियोजन.

अशा गावात मास्तरांना हे वेड लागलं कसं? त्याचं मूळ इटलीत आहे.

मास्तरांची लेक मिलानला नोकरीला. गेल्या साली दोघं तिच्याकडं गेले. जाण्याआधी भावजींनी प्रेमानं तिथलाही कागद करून दिला होता: तस्कनी, एक दिवस. सकाळी सिएना, मग सान जिमिन्यानो, व्होल्तेरा, जेवण गाडीतच, पिएन्झा, मोंतेपुल्चानो, संध्याकाळी शेजारच्या उंब्रियातलं ओर्व्हिएतो. नकाशावर सगळी गावं वितीच्या अंतरात दिसतात हो. लेकीनं कागद वाचला, हसली, घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, “बाबा, दिवसाला एक गाव. लई झालं तर दोन. अन् तीन रात्री मुक्काम एकाच ठिकाणी.”

तिचं म्हणणं असं, की तिथं चाळीस-पन्नास किलोमीटरला तास लागतो, कारण रस्ता टेकड्यांना वळसे घालत जातो. गाव असतं टेकडीच्या डोक्यावर, भोवती तट. गाडी तटाबाहेर पैसे भरून उभी करायची आणि चढ पायी चढायचा. गुडघे धरून वर पोचावं तर दुपार झालेली, दुकानदार शटर ओढून जेवायला गेलेले, ते साडेतीन-चारला उगवणार. म्हणजे भावजींच्या हिशोबानं जी चार गावं व्हायची, तेवढ्या वेळात एका गावात पाणी पिऊन सावलीला टेकणं होतं. मग माणसं टेकतात. तीच सवय लागते.

मुक्काम कुठं केला तेही ऐका. शेतावर! द्राक्षं आणि ऑलिव्हच्या शेतात, शेतकऱ्याच्याच घरी, पैसे देऊन. ‘आग्रीतुरिस्मो’ म्हणतात. अर्धापूरचा माणूस, ज्याच्या स्वतःच्या केळीच्या बागेत रात्री पाणी धरायला जायचं तर दहा कारणं निघतात, तो युरोमध्ये पैसे मोजून दुसऱ्याच्या शेतात झोपला! काकू तर म्हणाल्या, झोप चांगली लागली.

सान जिमिन्यानोबद्दल मास्तर सांगत होते, की तिथं जुन्या काळी बड्या घराण्यांनी एकमेकांच्या नाकावर टिच्चून दगडी मनोरे बांधले, बहात्तर झाले होते म्हणे, आज चौदा उभे आहेत. शेजाऱ्यानं दुसरा मजला चढवला की आपण तिसरा, हे आम्हाला नवीन नाही. पिएन्झाची गोष्ट त्याहून घरची. कॉर्सिन्यानो नावाचं साधं खेडं, तिथला एक माणूस १४५८ साली पोप झाला, दुसरा पायस, आणि त्यानं पुढच्या चार-पाच वर्षांत जन्मगावाचा चेहरामोहरा बदलून वर गावाला आपलंच नाव दिलं. गावचा माणूस मोठ्या खुर्चीवर गेला की गावाच्या रस्त्यांना काय होतं, हे नांदेड जिल्ह्याला इटलीनं कशाला शिकवावं?

पण या संथपणाला त्या सरकारचीही फूस आहे बरं का. जुन्या पेठेच्या तोंडाशी पाटी असते, पांढऱ्यावर लाल गोल. ‘झेड-टी-एल’. परवान्याशिवाय गाडी आत घालायची नाही. अडवायला शिपाई नाही, शिट्टी नाही, फक्त वर कॅमेरा. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला, तिकडं भाड्याची गाडी घेतली आणि नऊ गावं तीन दिवसांत केली. भावजींचा त्यांच्यावर फार जीव. डॉक्टर घरी आले, अल्बम झाला, लोकांना तोच तोच मनोरा दाखवून झाला, आणि मग महिन्यांनी पत्रं यायला लागली. परदेशी माणसाला दंडाची नोटीस धाडायला तिथल्या कायद्यानं ३६० दिवसांची मुदत आहे. एकेका गावाचं एकेक पत्र, वर गाडीवाल्या कंपनीनं नाव-पत्ता कळवल्याची वेगळी फी. आपण कुठली कुठली गावं पाहिली हे डॉक्टरांना त्या नोटिसांवरूनच नीट कळलं.

तर हे लोण आता माहुरात आलंय. मास्तर-काकूंनी तिथं काय काय केलं ते ऐकून मी कानाला हात लावला. पहाटे नव्हे, सावकाश आठला निघाले. वारंगा फाट्यावर खिचडीला थांबले. आता वारंग्याच्या खिचडीला सगळेच थांबतात. पण हे खाली बसून खाऊन, वर दुसऱ्यांदा चहा घेऊन उठले. हदगाव, उमरखेड करत दुपारी माहूर. त्या दिवशी दर्शनच नाही! देवीच्या पायथ्याशी जाऊन माणूस खोलीत झोपतो? संध्याकाळी ऊन उतरल्यावर गड चढले. उतरताना तांबुलाच्या दुकानासमोर काकू अर्धा तास उभ्या. रेणुकेचा प्रसाद म्हणजे तांबूल, हे सगळ्यांना ठाऊक. आपण पुडी घेतो, पिशवीत टाकतो, निघतो. काकू बघत बसल्या. विड्याची पानं लोखंडी खलात पडतात, त्यावर कात, बडीशेप, खोबरं, साखर. दुकानदारीण एका हातानं बत्ता मारते, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाला सुटे पैसे देते, नजर तिसरीकडंच, तरी बोट सापडत नाही. पहिले चार घाव पानांचा करकर आवाज येतो, मग तो ओला होतो, मग आवाजच बसतो, आणि तेव्हा तिला कळतं की झालं. हे काकूंनी मला इतकं रंगवून सांगितलं की मला माझीच काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामगडच्या किल्ल्यावर, दुपारी झोप, मग पांडवलेणी. “उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडाला तरी जाऊन यायचं होतं,” मी म्हटलं. “पुढच्या खेपेला,” काकू म्हणाल्या. पुढच्या खेपेला! म्हणजे पुन्हा तिथंच!

प्रकरण इतकं तापलं की परवा भावजी आणि मास्तर समोरासमोर आले. भावजींनी थेट दत्तगुरूंनाच साक्षीला काढलं. “मास्तर, दत्तमहाराजांचं रोजचं वेळापत्रक बघा. सकाळी स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, झोपायला माहूर. एका दिवसात! अन् तुम्ही तिथं जाऊन नुसते बसता?”

टपरीवाल्यासकट सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी बशीतला चहा संपवला. “खरंय. पण मुक्काम बघा की भावजी. रोज माहूरच. कुठंही जाऊ द्या, रात्रीला पथारी एकाच जागी. महाराजांनी लॉज बदलला नाही.”

यावर भावजींना सुचेना. मास्तर तेवढ्यावर थांबले असते तर बरं, पण शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही. म्हणाले, तुळजापूरची भवानी दसऱ्याला सीमोल्लंघन करते, आणि लगेच कोजागरीपर्यंत पलंगावर निजते. श्रमनिद्रा. नवरात्राआधी घोरनिद्रा, शाकंभरीच्या आधी आणखी एक. वर्षातून तीनदा देवी अंथरुणाला पाठ टेकते, पलंग थेट नगरकडून येतो. “देवी दमते, तुमच्या आत्याबाई दमू नयेत काय?”

आत्याबाईंचं नाव निघाल्यावर भावजी चिडले. पण त्यांच्याकडं हुकमाचा पत्ता होताच: शक्तिपीठ महामार्ग. पवनारपासून गोव्याच्या वेशीवर पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत सुमारे ८०२ किलोमीटरचा. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर एका दोरीत. अठरा तासांचं अंतर आठ तासांवर आणणार म्हणून सरकारच सांगतं. “तो होऊ द्या, मग साडेतीन पीठं दीड दिवसात.”

इथं मात्र टपरीवरचं हसू मावळलं. कारण आखणीतली ती रेघ अर्धापूर तालुक्याच्या बागायतीतूनही ओढलेली, आणि केळी-हळदीचं रान द्यायचं नाही म्हणून आंदोलनाला बसलेल्यांपैकी दोघं तिथंच बाकड्यावर होते. त्यातला एक म्हणाला, “भावजी, तुम्हाला दहा तास वाचवायला माझी बाग कामून?” दहा तास वाचवून भावजी करणार काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, पण तो कोणी विचारला नाही. भावजी पैसे ठेवून उठले. चार जणांचे ठेवले, हेही नोंदवून ठेवते.

तुम्ही म्हणाल, चला, मिटलं. मिटतंय कसलं! हे वेड पसरतंय. कालच शेजारच्या वकिलीणबाई विचारत होत्या, माहूरला खोली कशी मिळते. आत्याबाईंनी तर अन्न सोडायची धमकी दिलीय, की पुढच्या वेळी मला मास्तरांच्या गाडीत बसवा.

आणि मास्तर-काकूंचं पुढचं पाऊल ऐकाल तर हाताचं काम सोडाल. आता अंबाजोगाई. बालाघाटच्या डोंगरातलं गाव, योगेश्वरी आहे, मुकुंदराजांची समाधी आहे, डोंगरात कोरलेला हत्तीखाना आहे, इथवर ठीक. पण त्यांना बघायचीय दासोपंतांची पासोडी. चारशे वर्षांपूर्वी त्या बाबानं कागद पुरेना म्हणून की काय, चाळीस फूट लांबीच्या कापडावर ग्रंथ लिहिला. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत बघायची म्हणे, वाचत वाचत. तीन रात्रींचा बेत आहे.

तीन रात्री! आणि गाडीनं नाही. ‘गाडी असली की निघावंसं वाटतं’ असं मास्तरांचं नवं तत्त्वज्ञान. नांदेडला जाऊन एसटी धरणार. दोघांनाही अर्धं तिकीट: ते पासष्टीच्या पुढचे म्हणून, काकू बाई म्हणून. लेकाच्या खात्यातून दर महिन्याला हप्ता जातोय, आणि ती नवी गाडी दारात झाकण घालून उभी. भावजींनी काल जाताना तिच्या बोनेटवरून हात फिरवला, मी खिडकीतून पाहिलं. किल्ली मागायला येतील आता.