हर्मायनीचं दुसरं बारसं

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सत्तावीस अनोळखी माणसांनी शुभेच्छा दिल्या. त्यातली एकही आईपर्यंत पोचली नाही. मधल्या मध्ये कुणीतरी ढापल्या.

हसू नका, ऐका तरी. माझी भाची दिवसा सीएची आर्टिकलशिप करते आणि रात्री ड्रेको मॅल्फॉयचं हर्मायनीशी जमवते. हॅरी पॉटरच्या पुस्तकांत ज्याने त्या पोरीचा जन्मावरून पाणउतारा केला, तोच हा ड्रेको. असल्या लिखाणाला फॅनफिक्शन म्हणतात, लाडाने फिक. भाची ते 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाच्या ठिकाणी टाकते. मुलं त्याला एओथ्री म्हणतात. टोपणनावाने लिहिते आणि फुकट लिहिते. (टोपणनाव मला माहीत आहे, पण सांगणार नाही. घराण्याची थोडी अब्रू शिल्लक आहे.) प्रकरणाखाली वाचकांशी दोन शब्द बोलायची तिकडे रीत आहे. त्यात तिने लिहिलं होतं, उशीर झाला, माफ करा, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

तर एका बयेने ही गोष्ट वीसच्या वीस प्रकरणांसकट उचलली आणि दुसऱ्याच साइटवर आपल्या नावाने मांडली. बरं, चोरी करावी तर नीट करावी ना? खालचे दोन शब्दसुद्धा तसेच उचलले, आमच्या आजीसकट! मग तिचे वाचक हळहळले. आजी बरी आहे ना गं? आजीला जप हं. सत्तावीस जण! आईला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "भूल माझ्या डोळ्यात आणि लाड तिचे?"

म्हणजे बघा, लग्नात रुखवत मांडलंय. एकीने महिनाभर खपून साखरेचा बंगला केलाय. आणि मांडवात शिरताना दुसरीने त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली. वर विचारलं तर म्हणते काय, "मला आवडला म्हणून मांडला, त्यात एवढं काय?" या मंडळींचं हे आवडतं उत्तर. कधी खाली लिहितात, 'क्रेडिट्स टू ओनर'. अगं, ओनरला नाव आहे की नाही? आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'साभार, लेखक अज्ञात'ची ही सख्खी मावसबहीण. माझाच एक लेख मला सोसायटीच्या ग्रुपवर 'पु. लं.चा अप्रतिम लेख' म्हणून आला होता. खोटं कशाला बोलू, मी तक्रार केली नाही.

याहून धाडसाचा प्रकार म्हणजे पात्रांचं परस्पर बारसं. गोष्ट तीच ठेवायची, ड्रेकोच्या जागी कोरियन बँडमधला एखादा देखणा पोरगा बसवायचा आणि हर्मायनीच्या जागी दुसरा. सगळं काम 'शोधा आणि बदला' या बटणावर. त्यात गंमत अशी होते, की इंग्रजीत हॅरीच्या दोस्ताची, 'रॉन'ची तीन अक्षरं 'राँग', 'स्ट्राँग' आणि 'फ्रंट'च्या पोटातही दडलेली असतात. बटण बिचारं आज्ञाधारक, तिथेही नवं नाव कोंबून मोकळं होतं. आपल्याकडे 'राम'चा 'सुहास' केला, तर दुपारी जेवून लोक 'आसुहास' करतील, तसलं. आणि सोलमधला तो गायक तिसऱ्या प्रकरणात अचानक घुबडाच्या पायाला चिठ्ठी बांधताना दिसतो. वाचकांना काही वाटत नाही. चुंबन कितव्या प्रकरणात, एवढीच चौकशी.

माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, यावर लेकीला फार समंजसपणे म्हणाली, "पण तू तरी काय करतेस गं? ती पात्रं रोलिंगबाईंची. हलवायाच्या घरावर तू तुळशीपत्र ठेवलंस, त्यावर तिने ठेवलं." घरात दोन दिवस अबोला.

मला मात्र भाचीचं पटतं. रोलिंगबाईंच्या बाजूने २००४मध्येच सांगून झालंय, की चाहत्यांनी लिहिलं तर त्यांना आनंदच आहे, फक्त त्याचा धंदा होऊ नये. आणि या फिक लिहिणाऱ्यांचं सोवळं तुम्ही बघायला हवं! पात्रं खुशाल उसनी घ्यावीत, पण दुसरीच्या वाक्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. भाषांतर करायचं? आधी विचारा. वाचून रेकॉर्ड करायचं? विचारा. काही जणी आपल्या ओळखपानावरच लिहून ठेवतात, की अमुक करायला सरसकट परवानगी, तमुकला नाही. आमच्या आजेसासूबाईंच्या देवघरातही इतके नियम नव्हते. कारण सरळ आहे. पैसा कुणालाच मिळत नाही, मिळतं ते कौतुक. चोर नेमकं तेच घेऊन जातो.

आणि एओथ्री म्हणजे पोरखेळ नव्हे हं. स्वयंसेवकांनी चालवलेलं, जाहिराती नसलेलं हे दप्तर २००९पासून सगळ्यांसाठी उघडं आहे, आणि २०१९मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. झालं! तिथे लिहिणारी जी ती गमतीने स्वतःला ह्यूगोविजेती म्हणायला लागली. मग पुरस्कारवाल्यांना सांगावं लागलं, की बायांनो, बक्षीस कपाटाला आहे, कपाटातल्या प्रत्येक साडीला नाही.

बारसं स्वतः जन्मदात्रीने केलं, तर मात्र थाटच वेगळा. 'ट्वायलाइट'वरच्या एका फिकमधले एडवर्ड आणि बेला २०११मध्ये ख्रिश्चन आणि अ‍ॅना झाले, आणि 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'ने काय धुमाकूळ घातला ते तुम्हाला ठाऊक आहे. (वाचलं नाही म्हणता? बरं, बरं.) भाचीच्या या लाडक्या जोडीवर 'मॅनेकल्ड' नावाची एक गाजलेली फिक होती, सेनलिन्यू या नावाने लिहिलेली. तीही फुकट. तर लोकांनी तिच्या प्रती छापल्या, सुबक बांधल्या आणि चक्क विकायला काढल्या. लेखनाला शून्य डॉलर आणि पुठ्ठ्याला पैसे! शेवटी ती फिक एओथ्रीवरून उतरली, नावं आणि जग बदलून नव्याने लिहिली गेली, आणि सप्टेंबर २०२५मध्ये 'अल्केमाइज्ड' म्हणून रीतसर पुस्तकांच्या दुकानात आली.

एकेक बंगला पळवणाऱ्या या बाया तरी परवडल्या. २०२५च्या वसंतात कुणीतरी एओथ्रीवरच्या तब्बल सव्वा कोटी कृती एका झटक्यात खरवडून एआयला खाऊ घालायच्या ढिगात नेऊन ठेवल्या. अख्खा मांडवच टेम्पोत! एओथ्री चालवणाऱ्या संस्थेने कायद्याची नोटीस धाडून तो ढीग बंद करवला. पण आधी किती जणांनी उतरवून घेतला असेल, कोण मोजणार?

नोटिशीचं नाव निघालं, तेव्हा भाचीनेही तो फॉर्म उघडला. अमेरिकी कायद्याचा फॉर्म, त्यात खरं नाव, पत्ता, सही. आणि ही नोटीस चोराच्याही हाती पडू शकते! म्हणजे जिने दोन वर्षं सख्ख्या आईपासून टोपणनाव लपवलं, तिने चोराला फ्लॅट नंबर द्यायचा. भाचीने फॉर्म बंद केला आणि पोटभर रडली.

मग मी तिला थेरवांतेस या स्पॅनिश लेखकाची गोष्ट सांगितली. 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५चा. दुसरा भाग तो लिहीत असतानाच १६१४मध्ये भलत्याच कुणीतरी टोपणनावाने परस्पर उत्तरार्ध काढला. गडी कोर्टात गेला नाही. १६१५च्या आपल्या खऱ्या उत्तरार्धात त्याने त्या खोट्या पुस्तकाची यथेच्छ टर उडवली. खोट्यातला डॉन झारागोझाला गेला होता म्हणून खऱ्याने तो रस्ताच सोडला आणि बार्सिलोना गाठलं.

हे ऐकून आई, डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणाली, "ती बया न वाचताच चिकटवते ना? मग मी सांगते ते लिही."

एकविसावं प्रकरण भाचीने रात्री टाकलं. सकाळी बयेच्या पानावर तेच प्रकरण, आणि खाली तिच्याच नावाने दोन शब्द, "ही सगळी गोष्ट मी चोरली आहे. जिची आजी आहे तिला तिच्या शुभेच्छा परत करा. आजीला आता लांबचं स्वच्छ दिसतं."

त्याखाली दुपारपर्यंत एकोणीस बदाम. आणि एक प्रतिक्रिया, "किती गोड विनोद करतेस गं तू!"