जन्मभर पात्र

सियागंजात पाऊल टाकलं की आधी शिंक येते, मग भाव कळतो. एका हाताला मिरची, दुसऱ्या हाताला हिंग, मधोमध साबुदाण्याची पोती लादलेली हातगाडी आणि मागून "बाजू, भिया, बाजू!" असं ओरडत येणारा हमाल. इंदूरच्या मराठी घरांना वर्षाचा मसाला करायचा म्हटलं की स्टेशनजवळच्या या गल्ल्यांना अजून पर्याय नाही. मी जिथून धने-जिरं घेतो, त्या दुकानात मालाच्या बिल्ट्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन जो बसतो त्याला अख्खा बाजार 'मास्साब' म्हणतो. शेठ म्हणतो, हमाल म्हणतात, चहावाला पोऱ्या म्हणतो. म्हणत नाही ते फक्त शिक्षण खातं.

नाव कशाला सांगू? असे मास्साब शहरात गल्लोगल्ली आहेत. कुणी मेडिकलच्या काउंटरमागे, कुणी ट्यूशनच्या स्कूटरवर, कुणी अतिथी शिक्षक म्हणून दूरच्या गावच्या बसमध्ये. ओळखायचे कसे? पाकिटात देवाचा फोटो एक आणि स्वतःचे पासपोर्ट साइजचे आठ. पाऊस आला की छत्री आधी फायलीवर, मग डोक्यावर.

"काय रे, काय चाललंय?"

"तयारी करून राहिलो आहे, काका."

कशाची, हे विचारायचं नसतं. इंदूरच्या मराठीत 'तयारी करणे' हे क्रियापद आता अकर्मक झालं आहे.

आमच्या मास्साबचा विषय सामाजिक विज्ञान. बी.एड. केलं तेही नेमकं एकाचं दोन वर्षांचं झाल्यावर, म्हणजे 2015 नंतर. "गणिताला जागा निघतात, इंग्रजीला निघतात," ते एकदा म्हणाले, "इतिहासाचं काय, तो घडून गेलेला आहे. सरकारला घाई नाही." त्यांची सगळी कारकीर्द मी गिऱ्हाईक म्हणून पाहिली आहे. 2018 मध्ये शिक्षकभरतीची जाहिरात निघाली तेव्हा दुकानात पेढे वाटले गेले. परीक्षा 2019 मध्ये झाली, पुन्हा पेढे. मग कागदपत्रांची पडताळणी सुरू होते न होते तोच कोरोनाने ती थांबवली. पहिल्या नेमणुका हातात पडेपर्यंत 2021 उजाडलं, आणि त्या दुसऱ्यांच्या हातात पडल्या. आमचे मास्साब पात्र ठरले होते, निवडले गेले नव्हते. हा फरक त्यांच्या आईला अजून कळलेला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. 2023 मध्ये मात्र सरकारने तो पक्का करून टाकला: पात्रता परीक्षा वेगळी, ती पास झालात तर चयन परीक्षा वेगळी. दरम्यान परीक्षा घेणाऱ्या व्यापमंचं पीईबी झालं, पीईबीचं कर्मचारी चयन मंडळ झालं. "तिघांकडेही माझा फोटो आहे," मास्साब म्हणतात. तरी परीक्षेच्या दारात आपण आपणच आहोत हे अंगठा टेकवून सिद्ध करावं लागतंच. त्याचं ते वाईट वाटून घेत नाहीत. दुसऱ्याच्या नावाने वैद्यकीय प्रवेशाच्या पीएमटीला बसणारे 2013 मध्ये आमच्याच इंदुरात पकडले गेले होते, तेव्हा बोलायला तोंड कुठे आहे?

अभ्यास दुकानातच चालतो. बिल्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला पियाजे, वायगोत्स्की, कोहलबर्ग. शेठजी त्यांना सालेमचे साबुदाण्याचे व्यापारी समजत असत. बालमानशास्त्र आपण पाठ केलं नाही, अनुभवलं, असा मास्साबचा दावा आहे, आणि मी त्याला साक्षी आहे. एकदा त्यांनी माझ्यासमोर एक-एक किलो खोबऱ्याचा कीस दोन पिशव्यांत भरला, एक बसकी रुंद, दुसरी उंच निमुळती. तराजूवर दोन्ही मांडून दाखवल्या. सुदामा नगरच्या एक वहिनी आल्या, दोन्हीकडे पाहिलं आणि उंच पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही द्या, हिच्यात जास्त आहे."

मास्साबनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पियाजेने पाणी बुटक्या पेल्यातून उंच पेल्यात ओतलं तेव्हा लहान पोरं नेमकं हेच बोलली होती. "पूर्वसंक्रियात्मक अवस्था, काका. वय वर्षं दोन ते सात." वहिनींचा नातू त्या वयाचा असावा. शेठजींनी मात्र पियाजेला त्या दिवशी खरा मान दिला. दुसऱ्या दिवसापासून दुकानात फक्त उंच पिशव्या.

दुकानाबाहेर भावाची पाटी आहे, ती लिहिण्याचं काम ओघानेच मास्साबकडे. बी.एड.मध्ये फलकलेखन हे स्वतंत्र कौशल्य असतं: अक्षरं सारख्या उंचीची, ओळी सरळ, आणि लिहिताना फळ्याकडे तिरकं उभं राहायचं, म्हणजे वर्गाकडे पाठ होत नाही. मास्साब पाटीशी तसेच तिरके उभे राहतात. वर उजवीकडे तारीख. मधोमध 'जिरं', खाली दुहेरी रेघ. बाकीच्या दुकानांत भाव खडूने खरडलेले असतात, इथे ते शिकवलेले असतात. एका सकाळी घाईत 'इयत्ता 8 वी' असंही लिहून गेले होते. दुपारपर्यंत तीन जणांनी ते जिरं मागितलं.

सूक्ष्म अध्यापनाचं चक्र छत्तीस मिनिटांचं. सहा मिनिटं पाठ घ्यायचा, सहा मिनिटं चुका ऐकायच्या, बारा मिनिटं पाठ नव्याने बांधायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचा, सहा मिनिटं पुन्हा ऐकून घ्यायचं. हे ऐकल्यावर शेठजी म्हणाले, "मास्साब, इतनी देर में तो भाव बदल जाता है."

लग्नाचं विचारू नका. मराठी मंडळाच्या वधूवर मेळाव्यात पूर्वी गोत्र विचारत, आता वर्ग विचारतात. वर्ग एक म्हणजे उच्च माध्यमिक, वर्ग दोन म्हणजे माध्यमिक, वर्ग तीन म्हणजे प्राथमिक. बी.एड.वाल्यांनी प्राथमिकची वाट धरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगून टाकल्यामुळे मास्साबचं एक स्थळ आपोआप कमी झालं. मुलीचे वडील फाइल चाळतात, "अरे वा, पात्र!" म्हणतात आणि पोह्यांची बशी खाली ठेवतात. त्यातून पात्रतेचं प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांनी शिळं व्हायचं, केंद्राने 2021 मध्ये ते आजन्म करून टाकलं. आईने त्या दिवशी सत्यनारायण घातला. मुलगा जन्मभर पात्र राहणार म्हणून.

पगाराचा हिशेब शेठजींच्याच कॅल्क्युलेटरवर झाला. माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन 32,800. पण तेव्हा नव्या माणसाला पहिल्या वर्षी त्याचे सत्तर टक्के मिळायचे, दुसऱ्या वर्षी ऐंशी, तिसऱ्या वर्षी नव्वद, मग कुठे शंभर. आकडा आला 22,960. शेठजींनी चष्मा वर सरकवला. आयुष्यभर त्यांनी माल दोन-तीन टक्के सुटीने विकला होता.

"तीस टक्का डिस्काउंट? माणसावर?" ते म्हणाले, आणि सरकारबद्दलचा त्यांचा आदर एकदम वाढला.

गेल्या महिन्यात हिंग आणायला गेलो तर दुकानात गर्दी, आणि गल्ल्याशेजारी मास्साब नाहीत. ते आत पोत्यांमध्ये उभे. समोर पालथ्या डब्यावर एका हमालाची आठवीतली मुलगी, मांडीवर वही. उद्या तिचा इतिहासाचा पेपर. मास्साबनी जिऱ्याचं पोतं होळकर केलं होतं, मोहरीचं इंग्रज. दोघांच्या मधल्या फरशीवर क्षिप्रा म्हणून सुतळी टाकलेली. "महिदपूर. 21 डिसेंबर 1817. इंग्रज नदी ओलांडून इकडे आले." मोहरीचं पोतं सरकलं. "होळकर हरले, म्हणून जानेवारी 1818 मध्ये तह झाला. कुठे?"

"मंदसोरला," मुलगी म्हणाली.

"तिथूनच लसूण येतो!" तिचा बाप मागून अभिमानाने म्हणाला.

"आणि त्यानंतर होळकरांची राजधानी कुठे आली?"

मुलगी थांबली, पोत्यांकडे बघितलं, मग बाहेरच्या गल्लीकडे, आणि तिचे डोळे मोठे झाले. "इथे?"

मास्साब काहीच बोलले नाहीत. खडू तसाच हातात. बाहेर चार गिऱ्हाईकं खोळंबलेली, शेठजी घड्याळाकडे बघत होते पण हाक मारत नव्हते. शेवटी देवासकडचा एक पोक्त व्यापारी कंटाळून आत डोकावला. "मास्साब, जीरे का क्या भाव?"

मास्साबनी मान वळवली नाही. "पहले हाथ ऊपर करो," ते म्हणाले.

आणि व्यापाऱ्याने पिशवी डाव्या हातात घेऊन उजवा हात वर केला.