गिरी नावाचे गोरे

जुलैच्या रणरणत्या दुपारी सगळं गाव खिडक्या लावून पडलेलं असताना जो समुद्रावर उघड्या डोक्याने हिंडतो, भाजून कोळंबीसारखा लाल होतो आणि ज्याच्या सँडलमधून पांढरे मोजे डोकावतात, त्याला स्पॅनिश माणूस ‘गिरी’ म्हणतो. गिरी म्हणजे परदेशी पाहुणा. त्यातही इंग्रज, जर्मन, डच असा उत्तरेकडचा गोरा. आपल्या साहेबगिरीशी या गिरीचं काही नातं नाही, पण मंडळी साहेबच.

जेवायला बसला की गिरी हमखास ओळखू येतो. पाएला हा तिथला दुपारचा भात. गिरी तो रात्री मागवतो. रात्री म्हणजे सात वाजता. गावकरी नऊ-दहाशिवाय ताटावर बसत नाहीत, त्यामुळे आचारी नुकता कुठे कामावर येत असतो. सोबत सांग्रियाचा, म्हणजे फळं घातलेल्या वाइनचा, भला थोरला जग हवाच.

इतक्या निरुपद्रवी शब्दाचा जन्म मात्र लढाईतला. 1833 मध्ये स्पेनचा राजा सातवा फेर्नांदो वारला. गादीवर आली मुलगी इसाबेल, पुरती तीन वर्षांचीही नव्हती. कारभार आई मारिया क्रिस्तिनाकडे. काका कार्लोस म्हणाले, गादी माझी. (भाऊबंदकीचा मक्ता काही आपल्याकडेच नाही.) राणीच्या बाजूचे ते ‘क्रिस्तिनो’. कार्लोसच्या बाजूने लढणाऱ्या, उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांच्या जिभेला सुरुवातीचं जोडाक्षर पेलेना. ते म्हणत ‘गिरिस्तिनो’. पुढे शेपूट गळालं, गिरी उरलं. आपल्या कोकण-गोव्याकडे ‘किरिस्ताव’ झाला तो असाच जोडाक्षर फोडून, आणि दोन्हीकडे मुळात नाव ख्रिस्ताचंच! ही भेट मला कमालीची आवडते. आणखी एक व्युत्पत्ती सांगतात: राजाच्या पायदळाच्या टोपीवर तीन अक्षरं असत, त्यांवरून गिरी. आद्याक्षरांच्या व्युत्पत्त्या फारच घडी घातल्यासारख्या असतात, म्हणून मी त्यांच्यावर चटकन विश्वास टाकत नाही.

म्हणजे पहिला गिरी परदेशी नव्हताच. तो त्याच देशातला, पण सरकारचा, अंगावर गणवेश घालून गावात शिरणारा. पुढे पोलिसालाही लोक गिरी म्हणू लागले. मग 1960 नंतर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने ऊन विकायला काढलं, बेनिदोर्मसारख्या किनाऱ्यांवर हॉटेलांचे मजले चढले आणि गावची भाषा न कळणारी माणसं पुन्हा जथ्याने येऊ लागली. फक्त खांद्यावर बंदुकीऐवजी कॅमेरा. शब्द त्यांना जाऊन चिकटला आणि त्यातलं विष बरंचसं उतरलं. तिथे वर्षानुवर्षं राहिलेले इंग्रज आता स्वतःलाच हसत गिरी म्हणवून घेतात.

विष पुरतं उतरलं, असंही नाही. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आणि 2024 मध्ये परदेशी पाहुणे आले नऊ कोटींहून जास्त. घरभाडी परवडेनाशी झाली, तेव्हा त्या जुलैत बार्सिलोनातल्या मोर्चेकऱ्यांनी रस्त्याकडेला जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या.

2011 च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या स्पेनमध्ये घडणाऱ्या चित्रपटानंतर आपलीही मंडळी तिकडे निघाली. रंगाच्या कसोटीवर आपण नापास, त्यामुळे चेहरा बघून कोणी आपल्याला गिरी म्हणणार नाही. पण संध्याकाळी साडेसहाला चाळीस जणांची सहल आत शिरते, टेबलं जोडून घेते आणि कोळंबी, ससा, कोंबडी सगळं वगळून, शिवाय कांदा-लसणाशिवाय पाएला मागते, तेव्हा बिचारा वेटर आत जाऊन आचाऱ्याला काय सांगत असेल? नुसतं ‘गिरी’ म्हणून त्याचं भागत नसणार.