पाठिंबा काढलेला संगणक

निवृत्त माणसाच्या घरातला संगणक कधी जुना होत नाही. तो 'चालतोय की' या अवस्थेत असतो. साताऱ्याला आमच्या मामांकडे असाच एक आहे. मॉनिटरवर मामीने क्रोशाचं झाकण विणून घातलंय, दसऱ्याला सीपीयूला हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो. सकाळी बटण दाबलं की मामा अंघोळीला जातात. अंघोळ, पूजा, चहा उरकून येईपर्यंत पडद्यावर एकेक चिन्ह उमटू लागलेलं असतं. या व्यवस्थेबद्दल मामांची काडीचीही तक्रार नाही. तक्रार असते ती पुण्याहून येणाऱ्या भाच्याची, म्हणजे माझी.

"मामा, यावर अजून विंडोज ७ आहे. कंपनीने १४ जानेवारी २०२०लाच त्याचा पाठिंबा काढून घेतलाय."

पेपरातून मान वर न करता मामा म्हणाले, "पाठिंबा काढला तरी सरकार चालतंय ना? मग झालं!"

महाराष्ट्रात राहून या युक्तिवादाला उत्तर द्यायचं म्हणजे कठीणच. तरी मी सांगून पाहिलं, की चालतं खरं, पण नवी भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या आता येत नाहीत. निदान यावर बँकेचे व्यवहार करू नका. मामांना ते लगेच पटलं, कारण बँकेचे व्यवहार ते बँकेतच जाऊन करतात. पासबुक छापून आणणं हा त्यांचा फिरायला जायचा बहाणा आहे.

या संगणकाला तारीखही आठवत नाही. वीज गेली की तो थेट २००९ सालात जाऊन बसतो. मग मामा भिंतीवरचं कालनिर्णय बघून त्याला आजचा दिवस सांगतात. एरवी इंटरनेटवरची प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून बोंब मारते, कारण तिच्या प्रमाणपत्राची मुदत या घड्याळाच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नसते. दोष सगळा मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलचा. दुकानात 'सीआर २०३२' म्हणून मागायचा, जुना काढायचा, नवा बसवायचा. आता तारीख टिकते. मामा मात्र सवयीने अजून कालनिर्णयाशी ताडून बघतात.

वेग वाढवण्यासाठी मामांचा स्वतःचा एक उपाय होता: उजवं बटण दाबून 'रिफ्रेश'. दिवसातून कितीही वेळा. त्याने पडद्यावरची चिन्हं पुन्हा काढली जातात, बाकी काही होत नाही. पण मी ते बोललो नाही. नेम मोडू नये कुणाचा. खरा गोंधळ 'एमएसकॉन्फिग' उघडल्यावर दिसला. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची ही भलीमोठी यादी! त्यातला एक अशा प्रिंटरचा होता, जो कधीच भंगारवाल्याकडे गेलाय. प्रिंटर गेला, पण त्याचा माणूस रोज सकाळी हजेरी लावत होता. अशांना घरी बसवलं. मग डबा उघडला. पंख्यात धुळीचा थर, आणि त्यात कुठल्याशा दसऱ्याची झेंडूची वाळकी पाकळी.

दुकानदार म्हणाला, रॅम आठ जीबी करून टाका. पण यातलं विंडोज ३२ बिटांचं, त्याला चारच्या वरची रॅम वापरताच येत नाही. खरा फरक पडतो तो जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने. जुन्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते खरी, पण हवी ती नोंद सापडायला आधी तिचा हात त्या जागी सरकावा लागतो आणि मग नोंद फिरत फिरत त्याच्याखाली यावी लागते. असं हजारो वेळा. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

पण डिस्कला हात लावण्याआधी प्रत काढायला हवी, आणि खरी मजा तिथेच आली. "बॅकअप आहे की माझ्याकडे," मामा म्हणाले. "सी गेला तरी डी आहे." सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं. घर पेटल्यावर माजघरातल्या वस्तू ओटीवर नेऊन ठेवण्यासारखं आहे ते. शिवाय काही फायली रिसायकल बिनमध्ये जपून ठेवलेल्या. "तिथे कुणी हात लावत नाही ना, म्हणून."

या सगळ्यात मोलाचा होता तो घराण्याचा कुलवृत्तांत. मामांनी तो वर्षानुवर्षं श्रीलिपीत टंकलाय. पूर्वीच्या या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की सात पिढ्या रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीत बुडतात. फाइल शाबूत, पूर्वज गायब! युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, पण तिथेही ऱ्हस्व वेलांटी आणि रफार दगा देतात: 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' होतो आणि घराण्यातल्या प्रत्येक विष्णूची वेलांटी पुढे जाऊन उभी राहते. म्हणून फायलींबरोबर फॉन्टही घेतले, प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ केली, आणि रूपांतरित मजकूर तपासायचं काम मामांकडेच दिलं. ते खूश.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. एक संगणकात राहिली, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर गोदरेजच्या कपाटात मामीच्या शालूखाली गेली, तिसरी पेन ड्राइव्हवर नाशिकला मामेबहिणीकडे.

संगणक आता मिनिटाभरात सुरू होतो. मामांचं मत असं, की घाई जरा जास्तच झाली. अंघोळीहून येईपर्यंत पडदा झोपलेला असतो आणि त्याला पुन्हा उठवावं लागतं.

तुम्ही दिवाळीला घरी जाल तेव्हा पिशवीत एक बाहेरची हार्ड डिस्क टाका. वेगाचं नंतर बघता येईल. आधी मामांना, काकांना, आजोबांना विचारा की यातलं काय ठेवायचंय, आणि त्याची प्रत काढा. रिसायकल बिन रिकामा करू नका. फॉन्ट विसरू नका.