अजून वीस यार्ड

यार्डवेडा ओळखायचा असेल तर त्याला लग्नाच्या रिसेप्शनला गाठावं. आहेराच्या रांगेत तो तुमच्या पुढेच उभा असतो. पाकीट खिशात, दोन्ही हात पोटाशी गुंफलेले. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय नम्र माणूस आहे! जवळ गेलं की दिसतं, उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेत बसवून गृहस्थ ग्रिप तपासताहेत. रांग पुढे सरकते तसा डावा खांदा हनुवटीखाली येऊ लागतो, कंबर वळते, उजव्या पायावर भार जातो. पुढे अल्बम येतो तेव्हा नवरा-नवरी, मामा-मामी, करवल्या झाडून सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात आणि हे एकटे बॅकस्विंगच्या वरच्या टोकाला.

वय पंचावन्नच्या आगेमागे. घराचे हप्ते फिटलेले, मुलगी परदेशी, गुडघे अजून बोलायला लागलेले नाहीत. कंपनीत हाताखाली शे-दोनशे माणसं, त्यामुळे आपण जोर लावला की गोष्टी हलतात हा तीस वर्षांचा अनुभव पाठीशी. शिवाय शाळेत असताना आंतरशालेय सामन्यात एक षटकार मारलेला असतो. तो मारताना वापरलेला खालचा हात हे गृहस्थ आजतागायत वापरताहेत. गोल्फ शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाचं अर्धं आयुष्य भारतीय पुरुषाच्या मनगटातून तो षटकार काढण्यात जातं.

पहाटे साडेपाचला कोथरूडहून गाडी काढून येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर पोचायचं, हा नेम. (मुंबईचा यार्डवेडा चेंबूरला जातो. नाशिकच्या लोकांची अडचण वेगळी. तिथल्या ज्या मैदानाला सगळं गाव गोल्फ क्लब म्हणतं, तिथे लोक सकाळी चालतात आणि रणजीचे सामने होतात.) सुरुवातीला तब्येतीसाठी म्हणून आलेला हा माणूस पहिले काही महिने सुखी असतो. चेंडू उडाला तरी आनंद, नाही उडाला तर हिरवळ आहेच. मग एक दिवस ड्रायव्हरनं, म्हणजे लांब फटक्याच्या काठीनं, मारलेला चेंडू एकशे नव्वद यार्ड जातो, आणि शेजारी उभा असलेला कोणीतरी पोरगेला मुलगा सहज दोनशे चाळीस मारून जांभई देतो. त्या दिवसापासून हिरवळ दिसेनाशी होते. दिसतात ते फक्त यार्ड.

हवे असतात अजून वीस. मागणी तशी माफक. पण दोनशे दहा झाले की दोनशे तीस हवे असतात, म्हणजे पुन्हा वीसच. या हिशोबात कधी फरक पडलेला मी पाहिला नाही. जगाकडे बघण्याची नजरही त्याच मापाची होते. मुठेवरचा पूल ओलांडताना सहज म्हणणार, “इथे ड्रायव्हर लागणार नाही, सात नंबरची आयर्न पुरे.” बाजूला बसलेल्या वहिनी तोवर वाणसामानाच्या यादीत लक्ष घालतात.

ताकदीची त्यांची कल्पना साधी असते: जोरात मारलं की लांब जातं. यात चूक काय, असं कोणालाही वाटेल. चूक अशी की चेंडू जेमतेम सेहेचाळीस ग्रॅमचा असतो आणि क्लबचं डोकं त्याला टेकलेलं असतं ते अर्ध्या सहस्रांश सेकंदापुरतं. तेवढ्या वेळात कोणाच्याही दंडाचा त्याला काही उपयोग नाही. डोकं किती वेगानं आलं आणि चेंडू त्याच्या मधोमध लागला का, एवढाच सवाल. हौशी पुरुषाचा ड्रायव्हर साधारण ताशी दीडशे किलोमीटरनं येतो, अमेरिकेतल्या व्यावसायिकाचा एकशे ऐंशीच्या पुढे. आणि हा वेग हातातून सुरू होत नाही. तो जमिनीतून येतो. डावा पाय रोवायचा, कंबर आधी सोडायची, तिच्यामागून छाती, छातीमागून हात आणि सगळ्यात शेवटी काठी. आधीचा जरा थबकला की पुढचा सुसाटतो.

आमचे गृहस्थ नेमके उलटे. आधी दात आवळतात, मग खांदे. कंबर अजून विचारात असते तोवर हात वरून कुऱ्हाडीगत खाली आलेले असतात. काठी बाहेरून आत कापत येते, तिचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू निघतो सरळ पण मध्येच काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळून झाडीत जातो. याला स्लाईस म्हणतात. यावर गृहस्थांचा उपाय ठरलेला असतो: पुढचा आणखी जोरात मारायचा. तोही उजवीकडेच जातो, फक्त आणखी आत.

त्यांचा कॅडी म्हणजे मामा. मूळचे शिरूरकडचे, हयात याच कोर्सवर गेलेली. मामांनी एवढे साहेब पाहिले आहेत की बॅग खांद्यावर घेतानाच त्यांना आज किती चेंडू हरवणार याचा अंदाज येतो. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, “सायेब, गोफण फिरिवली का कधी?”

साहेबांचं बालपण सदाशिव पेठेत गेलेलं. तिथे गोफण फिरवायला ना ज्वारी, ना पाखरं.

“आमच्याकडं पोरं पयल्यांदा फिरिवत्यात तवा दगुड समद्या ताकदीनं फेकाया बघत्यात. मग त्यो मागंच पडतुया. गोफण ढिली धरायची. अंग फिरलं की दोरी फिरती, दोरी फिरली की दगुड. आपण निस्तं येळेवर सोडायचं.” मामांनी रिकाम्याच हातानं ते करून दाखवलं. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस डाव्या टाचेवर असा काही अलगद वळला की साहेब क्षणभर बघतच राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे मामा, पण त्याला ट्रॅम्पोलिन इफेक्ट म्हणतात का?”

ट्रॅम्पोलिन इफेक्ट हा प्रकार क्लबच्या पत्र्यात असतो आणि साहेबांनी तो नुकताच विकत आणलेला होता. टायटॅनियमचा नवा ड्रायव्हर, डोकं चारशे साठ घनसेंटीमीटरचं. नियमात त्याहून मोठं बसत नाही, नाहीतर तेही आणलं असतं. लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, मात्र नऊ अंशांचा निवडला, कारण टीव्हीवरच्या लोकांचा तेवढाच असतो. ज्याचा वेग कमी त्यानं जास्त लॉफ्टचा घ्यावा, म्हणजे चेंडू हवेत राहतो, असं दुकानातल्या पोरानं अदबीनं सुचवून पाहिलं होतं. पण ‘तुमचा वेग कमी आहे’ हे वाक्य अदबीनं म्हटलं तरी ऐकू यायचं तेच येतं.

मग २०२० साली ब्रायसन डीशॅम्बो नावाच्या अमेरिकन खेळाडूनं वजन वाढवून, दंड-छाती फुगवून, जमेल तेवढ्या लांब चेंडू हाणत यूएस ओपन जिंकली. हे एकदा कळल्यावर घरात प्रोटीनचा डबा आला. वहिनींनी एकदाच विचारलं, “अहो, थालीपिठाला काय झालं?” वजन वाढलं. कुठे वाढलं ते सांगायला नको. कंबर वळायची ती आणखी कमी वळू लागली. मधूनच उलट दिशेचंही प्रेरणास्थान सापडतं. रोरी मॅकिलरॉय अवघा पावणेसहा फुटांचा आणि तरी केवढा मारतो! म्हणजे उंचीचा प्रश्न नाही. मग प्रश्न कशाचा, हे शोधण्यासाठी स्वतःच्या स्विंगचे संथगती व्हिडिओ काढले जातात आणि ते बजेटच्या मीटिंगआधी हाताखालच्यांना दाखवले जातात. हाताखालचे म्हणतात, “सर, अगदी रोरी!” पगारवाढीच्या महिन्यात हे साम्य जास्त जाणवतं.

पटिंगचा सराव म्हणाल तर नाव नको. एकशे आठ मिलिमीटरच्या भोकात तीन फुटांवरून चेंडू ढकलायचा, यात पराक्रम तो काय! तीन फुटांचा फटकाही एक आणि अडीचशे यार्डांचाही एकच, हा या खेळाचा हिशोब त्यांना मनापासून अन्यायाचा वाटतो. मी एकदा अदिती अशोकचा विषय काढून पाहिला. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती पदकापासून एका फटक्यानं हुकली, चौथी आली. आणि ड्रायव्हरच्या अंतरात ती तिथल्या सगळ्यात कमी मारणाऱ्यांपैकी होती. अख्खा देश पहाटे उठून तिचे पट बघत होता. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “तेच तर! अजून वीस यार्ड असते तर पदक होतं.”

यावर काय बोलणार? हिशोबात तेही अगदीच खोटं म्हणता येत नाही, ही खरी पंचाईत.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळ थंड, धुकं विरत आलेलं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, बहुधा आदल्या रात्रीची झोप अपुरी असल्यामुळे साहेबांच्या अंगात दात आवळायचं त्राणच नव्हतं. ग्रिप ढिली, खांदे पडलेले. काठी वर गेली, कंबर आपसूक आधी सुटली आणि ‘टक’ असा जो आवाज आला तो आम्ही कोणीही त्यांच्या टीवरून पूर्वी ऐकला नव्हता. चेंडू उंच गेला, सरळ गेला, मग जरासा उजवीकडे झुकून मोठ्या झाडांच्या शेंड्यांत दिसेनासा झाला. साहेब फॉलोथ्रूमध्ये तसेच उभे. ती पोझ मोडायची कोणाची छाती होईना.

नियमाप्रमाणे हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. साहेब सरळ दोनशे साठ यार्डांच्या पलीकडे जाऊन गवत तुडवू लागले. अलीकडे शोधणं त्यांच्या मनातही आलं नाही. मी मामांबरोबर झाडाखालून चाललो होतो. मामा एका बुंध्याशी थांबले. मुळांच्या बेचक्यात, टीपासून फार तर एकशे सत्तर यार्डांवर, साहेबांच्या नावाची आद्याक्षरं लिहिलेला चेंडू पडलेला होता. सालीवर लागल्याची ताजी खूण. मामांनी माझ्याकडे पाहिलं, वाकून बुटाची नाडी बांधली आणि उठले तेव्हा बेचक्यात काही नव्हतं.

“गावला का मामा?” साहेब तिकडून ओरडले.

“न्हाई सायेब. लई लांब गेला.”

साहेबांनी एका फटक्याचा दंड घेतला, टीवर परत येऊन दुसरा चेंडू मारला, त्या होलवर एकूण आठ फटके मोजले आणि एवढ्या आनंदात आठ मोजणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. चहाच्या टेबलावर चेंडू दोनशे साठ गेला होता. त्याच आठवड्यात ऑफिसात दोनशे ऐंशी. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले तोवर तो तीनशेच्या पलीकडे जाऊन कोर्सची भिंत ओलांडायच्या बेतात होता. सापडला असता तर कोणीतरी मोजला असता. मामांना त्या महिन्यात बक्षिसी दुप्पट मिळाली आणि साहेबांनी अजून वीस यार्डांसाठी नवा प्रशिक्षक लावला.