चढाचा राजा

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हार्डनॉट नावाची एक खिंड आहे. तिथल्या रस्त्याचा सगळ्यात वाईट तुकडा ३३ टक्के चढाचा. म्हणजे शंभर मीटर पुढे सरकायचं तर तेहेतीस मीटर वर जायचं. भलेभले सायकलवाले तिथे उतरून ढकलत जातात म्हणे. ही माहिती मला माझ्या भाच्याने पुरवली. तो शेफिल्डला असतो आणि दर रविवारी पीक डिस्ट्रिक्टच्या टेकड्यांत सायकल हाणून घरच्या ग्रुपवर फोटो टाकतो. कधी विनॅट्स पासचा, चुनखडीच्या दोन कड्यांमधून वर गेलेला रस्ता, मागे मेंढ्या आणि पुढे दात काढून हसणारा भाचा. कधी चढ संपल्यावरच्या कॅफेतल्या केकचा.

आता ३३ टक्के म्हणजे आमच्या वेळी दोन मार्कांनी नापास. त्याचं इतकं कौतुक मला सहन होईना. मी हार्डनॉटची उंची शोधली, तर अवघी ३९३ मीटर! आमचं जव्हार साडेचारशेच्या घरात. म्हणजे ज्या उंचीवर पोचून साहेब धन्य होतो, त्याहून वर आमच्याकडे लोक हातात पिशवी घेऊन मेथीच्या जुडीचा भाव करत असतात. हे मी ग्रुपवर लिहिलं. वर नाशिकच्या महाजन बंधूंचा दाखला दिला. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या दोघा भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, म्हणजे अख्खी अमेरिका सायकलवरून आडवी पार केली. नाशिक आमच्यापासून असं कितीसं लांब? पाणी एकच, माणसं एकच, असंही लिहून बसलो.

भाच्याचं उत्तर आलं, “मामा, मग तूच चढून दाखव की.” बहिणीने अंगठा दाखवला, मेहुण्यांनी दोन. आणि माझी बायको, जी त्या ग्रुपवर वाढदिवसापलीकडे तोंड उघडत नाही, तिने हसून डोळ्यांत पाणी आलेले पाच-सहा चेहरे एका रांगेत टाकले.

सिल्वासाच्या डोकमर्डीत राहणाऱ्या माणसाचा आणि चढाचा संबंध तो काय? सिल्वासा समुद्रसपाटीपासून जेमतेम तीसेक मीटर. मी धाग्याच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. तिथे वर चढणारी गोष्ट एकच, माझं ब्लडप्रेशर. जव्हार एकदम नको, आधी सराव म्हणून दुधनी करू, असा बेत केला. डोकमर्डीहून खानवेल वीसेक किलोमीटर, तिथून दुधनी तितकंच. पाहुणे आले की मधुबन धरणाच्या पाण्यात बोटीत बसवायला आम्ही त्यांना तिकडेच नेतो. मोटारीतून जाताना त्या रस्त्यावर चढ आहेत हे कधी जाणवत नाही, फक्त मागच्या सीटवर कुणाला तरी उलटी होते.

वापीहून एक जुनी रोड बाईक आणली. टायर इतके बारीक की जत्रेतल्या तारेवरच्या डोंबाऱ्याबद्दल आदर वाटावा. सोबत मागे गादी शिवलेली ती घट्ट चड्डी आली. ती घालून बाहेर आलो तेव्हा बायको म्हणाली, “अहो, वरून लुंगी तरी गुंडाळा, निदान मसाटपर्यंत.” खाली शेजारचे गुजराती काका दूध घेऊन येत होते. त्यांनी सायकलकडे पाहिलं, चड्डीकडे पाहिलं आणि कळवळून विचारलं, “गाडी बगडी के शुं?”

ऑक्टोबर अखेरचे दिवस. भाच्याने सांगून ठेवलं होतं की याच सुमाराला इंग्लंडात चढाची राष्ट्रीय शर्यत होते, १९४४ पासून चालू आहे. चार-पाच मिनिटांच्या त्या चढासाठी लोक वजन वाचवायला हँडलवरची पट्टी सोलून काढतात, हँडलची टोकं कापतात, पार्टांना भोकं पाडतात. मी माझ्या सायकलकडे बारकाईने पाहिलं. वजन कमी करण्यासारखी जागा होती, पण ती सायकलच्या वरच्या अंगाला होती.

मसाट, राखोली हा रस्ता कंटेनरवाल्यांच्या वाऱ्यावरच पार झाला. दपाडा गेलं, वासोण्याची सिंहांची सफारी गेली. सिंह कुंपणाच्या आत आहेत याची मी मनाशी दोनदा खात्री केली. खानवेलला पोचलो तेव्हा अंगात महाजन बंधू संचारले होते. इंग्लंडात सायकलवाले केक खातात म्हणून मी कांदाभजीची प्लेट मागवली. चहा झाला. मग चहावर भजी हवीच म्हणून आणखी एक.

खानवेलच्या पुढे रस्ता रंग दाखवू लागतो. एक वळण, चढ. दुसरं वळण, आणखी चढ. तिसऱ्या वळणानंतर उतार असेल अशी आशा, तर तिथून मागच्या दोन्ही चढांची आई उभी. कडेला खुरासणी पिवळीधमक फुललेली, भात कापणीला आलेला, आणि ऊन असं की डांबराला वास सुटलेला. भजी आता पोटात राहिली नव्हती, गळ्याशी येऊन बाहेरची हवा बघत होती.

पेशव्यांनी हा मुलूख पोर्तुगिजांना दिला तो सांताना नावाच्या त्यांच्या जहाजाच्या नुकसानभरपाईत. मराठ्यांच्या आरमाराने जहाज घेतलं होतं, म्हणून १७७९ च्या तहात वर्षाला बारा हजार रुपये महसुलाची गावं तोडून दिली. महसूल बघून व्यवहार ठरला असणार. या रस्त्याने एकदा चढवलं असतं तर पोर्तुगीज वकील म्हणाला असता, राहू द्या, जहाज तुमच्याकडेच ठेवा. सायकलवर बसून असले ऐतिहासिक विचार सुचायला लागले की समजावं, मेंदूला रक्त कमी पडतंय.

तेवढ्यात हँडलवरच्या मीटरने पिप् केलं. हे मीटर भाच्याने पाठवलेलं. वेग, चढाची टक्केवारी, हृदयाचे ठोके, सगळं टिपून परस्पर त्याच्या ॲपवर पोचवणारं. मला वाटलं, शाबासकी देतंय. खाली बघतो तर पडद्यावर अक्षरं: ‘ऑटो पॉज’. सायकल थांबली आहे असं यंत्राचं मत पडलं होतं आणि त्याने मोजणी बंद केली होती! मी दातओठ खात पायडल दाबतोय, घाम नाकावरून थेट त्याच्याच पडद्यावर ठिबकतोय, आणि ते सांगतंय की आपण चालायला लागलात की मीही चालू करीन. मी संतापाने जोर लावला. पिप्, चालू. चार पायडल झाली. पिप्, बंद. बाजूने एक आजी डोक्यावर मोळी घेऊन गेली. तिच्याकडे मीटर असतं तर ते चालू राहिलं असतं.

शेवटी मी रस्त्याच्या कडेला बसलो, म्हणजे बसवला गेलो. मागून जीप आली. आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर नागलीची पोती. ड्रायव्हर विशीतला पोरगा. “काका, बसतोस का?” मी मानेनेच हो म्हटलं, तोंडाचा भरवसा नव्हता.

सायकल टपावर चढली आणि भाड्यावरून वाद पेटला. ड्रायव्हर म्हणे सायकलचे वेगळे. आतले एक आजोबा मांडीवर कोंबडी घेऊन बसले होते, ते माझ्या बाजूने उतरले. “माझ्या कोंबडीचे घेत नाहीस, मग सायकलचे कशाला?” “कोंबडी मांडीवर बसते,” ड्रायव्हर म्हणाला, “सायकल घेतोस मांडीवर?” गाडीत दोन तट पडले. अखेर मला आत कोंबून झाल्यावर ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं आणि निवाडा दिला, “सायकलचे राहू दे. काका दीड सीट घेतो, दीड सीटचे दे.” हा निवाडा एकमताने मान्य झाला. कोंबडीनेही काही हरकत घेतली नाही.

टपावर सायकलच्या हँडलला मीटर तसंच होतं. जीप हलली आणि पिप् करून ते जागं झालं, हे मला खाली कसं कळावं?

संध्याकाळी भाच्याचा फोन. आवाज चिरकलेला. “मामा! दुधनीच्या चढावर तू पहिला आहेस! ॲपने तुला मुकुट दिलाय, चढाचा राजा! सरासरी ४१ चा वेग!” मी गप्प. “आणि हार्टरेट चढाच्या पायथ्याशी १७० आणि वर जाताना उतरून ९०? हे कसं काय?” घरात सगळे ऐकत होते. मी म्हणालो, “आमच्याकडे प्राणायाम असतो.”

तर आता तो नाताळच्या सुट्टीत येतोय. एकटा नाही, क्लबातले दोन साहेब बरोबर आहेत. त्यांना मामाची पद्धत जवळून बघायची आहे. मी खानवेलच्या नाक्यावर त्या जीपचा तपास करतोय. मागे ‘आई महालक्ष्मीची कृपा’ लिहिलं होतं एवढं आठवतं, पण तिथे तशा बऱ्याच निघाल्या. शिवाय जीप सापडली तरी चार माणसं आणि चार सायकली यांचे किती सीट धरायचे, हा प्रश्न उरतोच. साहेबाच्या पायांची लांबी बघता ड्रायव्हर दीडवर ऐकेलसं वाटत नाही. कोंबडीवाल्या आजोबांनाच मध्ये घालावं म्हणतो.